मागच्या सीटवरचे गाणे

मैफलीत गवई तंबोरा लावू लागला की जाणकार श्रोता घड्याळाकडे पाहत नाही. तारा जुळल्याखेरीज गाणे नाही, हे तो जाणून असतो. मोटारीतल्या गाण्याला मात्र एवढी सवड कोण देतो? बटण दाबले, आवाज वाढवला, संपले! वास्तविक गाण्याला मोटारीइतकी गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. खाली चाकांची घरघर, भोवती आवाज परतवणाऱ्या काचा, आणि चालकाला एक स्पीकर जवळ तर दुसरा पार पलीकडच्या दारात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. म्हणजे मीटरभर जादा अंतराला तीन सहस्रांश सेकंदांचा उशीर. पण तेवढ्यानेही गायक समोरून उठून उजव्या दाराशी जाऊन बसतो!

यावर उतारा म्हणून चार कळा दिलेल्या असतात. बेस खर्ज कमीजास्त करतो, ट्रेबल वरचे तीव्र स्वर. बॅलन्सने आवाज डावी-उजवीकडे सरकतो आणि फेडरने पुढे-मागे. कळा चार, आणि आमच्या घरात मते त्याहून अधिक. चिरंजीवांना बेस हवा. “बाबा, गाणं छातीत वाजलं पाहिजे!” त्याचे अगदीच खोटे नाही. रस्त्याची घरघर स्वतःच खर्जातली. ती गाण्यातला खर्ज गिळून टाकते. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. सौभाग्यवतींचे मागणे सोपे : बोलता येईल इतपतच वाजू द्या.

राहिले मागे डाव्या खिडकीशी बसणारे अण्णा. त्यांना ‘गीतरामायण’ लागते. १९५५ साली ते पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले तेव्हा अण्णा बारा वर्षांचे होते. छप्पन्नही गाणी त्यांना पाठ. पण गेल्या दिवाळीत साताऱ्याच्या वाटेवर ते म्हणाले, “आवाज येतो रे, शब्द येत नाहीत.” मी आवाज वाढवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, “असू दे. तुमचंच काहीतरी लाव.”

त्या ‘असू दे’ने माझ्या पोटात कालवले. ऐकणे सोडून देण्याची ती सुरुवात होती.

वय वाढते तसे कान आधी वरचे स्वर सोडू लागतो. आणि गंमत अशी की स, श, फ ही व्यंजने त्या वरच्याच मजल्यावर राहतात. स्वर खाली राहतात. म्हणून म्हातारपणी आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत. नुसता आवाज वाढवला तर खर्ज अधिकच फुगतो आणि उरलीसुरली व्यंजनेही बुडवतो.

पुढच्या चहाच्या थांब्यावर गाडी उभी केली आणि तंबोरा लावायला बसलो. बेस तीन घरे उतरवला. ट्रेबल दोनच घरे चढवला. फार चढवला तर ‘स’ची शिट्टी होऊन कानाला टोचते. मग आवाज थोडा मागे, थोडा डावीकडे. पुन्हा निघालो. आरशात पाहिले, तर अण्णांची बोटे गुडघ्यावर ताल धरत होती. लवकरच ते गायकाच्या आधी पुढची ओळ म्हणू लागले.

“बाबा, हा तर पत्र्याचा डबा वाजतोय!” चिरंजीव कुरकुरले. खरेच होते ते. पुढे बसणाऱ्यांना गाणे किरटे लागत होते. पण चांगला आवाज म्हणजे कुणाच्या कानाला चांगला, हे आधी ठरवावे लागते. एका मोटारीत तो सर्वांना सारखा वाटून देता येत नाही. कुणीतरी आपला वाटा थोडा मागे सरकवायचा असतो.

यंत्रात अशा जुळण्या साठवून ठेवता येतात. अण्णांची एक आहे, चिरंजीवांची एक. अण्णा उतरले की आपली लावायची, असा करार झाला आहे. पण परवा अण्णा घरी उतरले, आम्ही दोघे फराळाचे डबे पोचवायला पुढे निघालो, तरी गाणे मागच्या रिकाम्या सीटकडेच वाजत होते. चिरंजीवांचा हात कळेकडे गेला नाही. मीही काही बोललो नाही.