दहशतवादविरोधी कायदा फॉरवर्डमधून कळत नाही

वसई-विरारच्या माणसाला 'दहशतवाद' हा शब्द दिल्लीच्या स्टुडिओतून कळलेला नाही, तो लोकलच्या डब्यातून कळला. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. संध्याकाळी कामावरून घरी परतणारी माणसे होती ती. त्यामुळे दहशतवाद हा प्रश्नच खोटा आहे, असे आम्ही कधी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. पण त्याच्या नावाने राज्यसंस्था काय करते, कोणत्या कायद्याने करते, कोणावर करते, हे तपासून पाहण्याचा अधिकार मात्र आम्ही सोडणार नाही.

ऑगस्ट २०१८ हा एकच महिना घ्या. महिन्याच्या सुरुवातीला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने इथे नालासोपाऱ्यात छापा टाकून गावठी बॉम्ब आणि स्फोटकांचे साहित्य पकडले. २८ ऑगस्टला एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी देशभरातून पाच जणांना अटक केली. दोन्हीकडे कायदा एकच, बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७, म्हणजे यूएपीए. पण मोबाईलवर एका प्रकरणातला आरोपी 'धर्मरक्षक' होता, त्याच्या समर्थनार्थ इथे मोर्चाही निघाला. दुसऱ्या प्रकरणातले वकील, कवी, लेखक 'शहरी नक्षलवादी' ठरले. दोन्ही निकाल दोषारोपपत्र दाखल होण्याआधीच लागले होते.

इथे आमच्याच काही साथींना न पटणारे बोलतो. नालासोपाऱ्याच्या प्रकरणातला आरोपीही खटला संपेपर्यंत आरोपीच असतो. त्याच तपासाचा धागा पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनापर्यंत गेला, आणि १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडले. हे पुराव्यावर ठरले, घोषणेवर नाही. जो निकष आपण आनंद तेलतुंबडेंसाठी मागतो तो विरोधकालाही लागू करावा लागतो, नाहीतर आपण संविधानाची नव्हे, आपल्या माणसाची बाजू घेतो एवढाच त्याचा अर्थ.

रविवारी विहारात आमचा अभ्यासवर्ग भरतो. तिथे एका पोराने विचारले, "यूएपीए लागला म्हणजे दहशतवादी ठरला ना?" तो हुशार आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याला हे कुठून कळले? क्लासच्या नोट्समधून, एका यूट्यूब चॅनेलवरून आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरून. दुसरीकडे घरातली आई म्हणते, भीमा कोरेगावला जाऊ नकोस, यूएपीए लावतील. ३ जानेवारी २०१८ च्या बंदला नालासोपाऱ्यात रुळांवर लोक उतरले होते, ती भीती अजून घरात आहे. कायदा पोहोचण्याआधी त्याची अफवा पोहोचते आणि ती पोरांना घरी बसवते. म्हणून खरी माहिती कुठे मिळते हा आमच्यासाठी चळवळीचा प्रश्न आहे.

'राष्ट्रीय दहशतवादविरोधी धोरण' असे मोबाईलवर शोधले की ढीगभर पाने निघतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दिल्लीतल्या परिषदेत असे धोरण लवकरच आणू असे जाहीर केले. 'आणू' आणि 'आणले' यांतला फरक मात्र फॉरवर्डमध्ये उरत नाही. ज्याने माणूस तुरुंगात जातो ते धोरण कायद्याच्या कलमांत, राजपत्रातल्या अधिसूचनांत, संसदेतल्या उत्तरांत आणि निकालपत्रांत विखुरलेले असते. ते गोळा करावे लागते.

कायद्याचा मजकूर सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पण पीडीएफ कुठूनही उतरवली तरी तिचे वय तपासा. यूएपीएच्या प्रतीत चौथी अनुसूची नसेल तर ती २०१९ च्या आधीची आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने संघटनेप्रमाणेच एखाद्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्यासाठी खटला चालून शिक्षा होण्याची अट नाही. अधिसूचना निघते आणि नाव चौथ्या अनुसूचीत जाते. त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. यूएपीएखाली अटक होणे वेगळे, सरकारने घोषित करणे वेगळे आणि न्यायालयाने दोषी ठरवणे वेगळे. या तीन गोष्टी एकाच शब्दात कोंबणारी बातमी वाचायचीच नाही.

तसेच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही दहशतवादी कृत्याचा गुन्हा आला आहे. गुन्हा त्या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरवतो. ज्या लेखात याचा उल्लेखच नाही तो जुना समजा. आणि मोक्का व यूएपीए यांची खिचडी करणारे तर पुष्कळ आहेत. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब मोक्कात पुरावा ठरू शकतो. टाडा आणि पोटातही तशी तरतूद होती. यूएपीएत ती नाही. यूएपीएचा खरा फास कलम ४३ड च्या पोटकलम ५ मध्ये आहे. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, आणि 'प्रथमदर्शनी' पाहायचे ते पोलिसांच्याच कागदांवरून. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. त्यांचा खटला सुरूही झाला नव्हता.

आता आपल्या वक्त्यांविषयी. २०१६ ते २०१९ या काळात यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले, हे आकडे सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत दिले. आपल्या मंचावर त्याचे लगेच 'शंभरातले फक्त दोन दोषी' असे होते. आकडे खरे आहेत, पण ते वाक्य कच्चे आहे. चार वर्षांत पकडलेल्यांचे खटले त्याच चार वर्षांत संपत नाहीत. समोरचा वकील असेल तर हे वाक्य एका मिनिटात पाडेल आणि त्याबरोबर आपला खरा मुद्दाही पडेल. मुद्दा असा आहे की खटला हीच शिक्षा झाली आहे, आणि तो याच आकड्यांतून नीट मांडता येतो. अटकेतल्यांची जात कोणती, हा रकाना मात्र त्या माहितीत नाही. तुरुंगांच्या वार्षिक अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या कच्च्या कैद्यांची संख्या असते, यूएपीएच्या अटकांत ती नसते. हा रकाना मागणे हे आपले काम आहे.

निकालही पुढच्या तारखेपर्यंत वाचावा लागतो. रेल्वे स्फोटांच्या खटल्यात २०१५ ला बारा जण दोषी ठरले. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. एका गटाने फक्त एकवीस तारीख पसरवली, दुसऱ्याने फक्त चोवीस. तेलतुंबडेंना जामीन देताना उच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२२ ला काय म्हटले, हे किती जणांनी वाचले? दहशतवादी कृत्याचा आरोप प्रथमदर्शनीही टिकत नाही, असा त्याचा आशय होता. १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, बाबासाहेबांचे हे नातजावई शरण गेले होते. सुटले २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी.

राज्याच्या जनसुरक्षा विधेयकाबाबतही हेच. २०२४ चा मसुदा आणि संयुक्त समितीतून बदलून जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेला मजकूर एक नाही. मोर्चात वाटायच्या पत्रकावर कोणता मसुदा वापरला ते लिहा.

१५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत जो मसुदा मांडला, तो आजचा अनुच्छेद २२. अटकेचे कारण कळवणे, वकील मिळणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे. यूएपीएच्या कलम ४३ब मध्येही कारण सांगण्याचे बंधन आहे, आणि ते लेखीच द्यावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ ला प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात ठरवले. येत्या रविवारी अनुच्छेद २२, कलम ४३ब आणि हा निकाल आम्ही मोठ्याने वाचणार आहोत, अवघड शब्द मराठीत उकलत. ज्यांच्या घरी यूएपीएची भीती आहे त्यांनी आईलाही घेऊन यावे.