हिवाळ्यातील व्हेनिस

व्हेनिस पाहावे ते जानेवारीत. कालव्यांवर धुके उतरलेले असते. समोरचा पूल पावलांच्या आवाजावरूनच ओळखावा लागतो. प्रवाशांची झुंबड ओसरलेली, त्यामुळे वापोरेत्तो, म्हणजे तेथील जलबस, भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या आजीबाईंची होते. रियाल्टो पुलाजवळ एका औषधालयाच्या दर्शनी काचेमागे आकडा झळकतो: जुन्या शहरात उरलेल्या रहिवाशांचा. १९५१ साली ते सुमारे १,७५,००० होते. २०२२ मध्ये ५०,००० च्याही खाली आले. कित्येक घरे पाहुण्यांसाठी भाड्याने गेली. (आपणही त्या पाहुण्यांतलेच!) उन्हाळ्याच्या गर्दीत ही रिक्तता जाणवत नाही. थंडीत मात्र सायंकाळी सहालाच दाट अंधार पडतो. एका गल्लीत मी उजेडाच्या खिडक्या मोजल्या, तीन होत्या.