टेकडीच्या पायथ्याशीं पहिलें वर्ष

आमच्या घरांतील मूल शिकावयास परगांवीं निघालें कीं देवापुढें नारळ, हातावर दही आणि अंगणाच्या पायरीपर्यंत निरोपास आलेलीं सर्व माणसें, हा क्रम चार पिढ्या चालत आला आहे. सन २०२५ च्या जून महिन्यांत तो माझ्या धाकट्या बंधूच्या कन्येच्या वांट्यास आला. फरक इतकाच कीं, दही घालणाऱ्या आमच्या मातोश्री त्या दिवशीं माझ्याशीं बोलत नव्हत्या. चिमीनें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शास्त्रशाखेच्या पहिल्या वर्षास नांव घातलें यास त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती वसतिगृहास. सदाशिव पेठेंत सख्खी आत्या असतांना नातीनें परक्या मुलींत राहावें, हें त्यांस कांहीं केल्या पटेना. वसतिगृहाच्या बाजूनें घरांत बोलणारा मी एकटाच, म्हणून तिला पोंचविण्याचें कामही माझ्याकडेच आलें. माझ्या मताचें कारण काय, हें मीं त्या वेळीं कोणास सांगितलें नाहीं. तें सेहेचाळीस वर्षें कोणासच सांगितलें नव्हतें.

दापोलीहून सकाळच्या एस. टी.नें निघालों. मंडणगड, माणगांव असें करीत गाडी ताम्हिणीच्या घाटास लागली तेव्हां पावसानें काचा पांढऱ्या होऊन गेल्या होत्या. चिमी मांडीवरील कागदांची पिशवी चौथ्यांदा उघडून पाहात होती: शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचें प्रमाणपत्र. प्रत्येकाच्या तीन तीन सत्यप्रती तिनें करून घेतल्या होत्या, हें शहाणपणाचें. मूळ कागद दाखवावा व परत घ्यावा. जेथें तो ठेवूनच घेतात तेथें पोंच मागावी. पोंच मागण्यास आपल्या मुलांस संकोच वाटतो, आणि पुढें दोन वर्षांनीं दाखला सांपडत नाहीं असें कळलें म्हणजे तोच संकोच फार महाग पडतो.

पिशवी एकदांची बंद झाल्यावर तिनें विचारलें, "काका, आपल्याकडचीं माणसें पूर्वीं पुण्यास कशीं जात असत हो?" तिला मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची हकीकत सांगितली. वयाच्या सतराव्या वर्षीं ते परीक्षेकरितां मुरुडाहून साताऱ्यास डोंगर ओलांडून पायीं गेले. आणि तेथें पोंचल्यावर, मुलगा वयानें लहान दिसतो एवढ्यावरून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तेच कर्वे १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक होऊन गेले व १९१४ पर्यंत तेथें शिकवीत राहिले. त्यांचेच आप्त मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ सालीं केंब्रिजला गणितांत पहिले आले, आणि परत येऊन वीस वर्षांहून अधिक काळ याच कॉलेजाचे प्राचार्य झाले. मुरुड काय, मुर्डी काय, आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर. चिमी म्हणाली, "म्हणजे कॉलेज आपलेंच कीं!" मीं मान डोलविली खरी, परंतु मनांत आलें कीं, साताऱ्याहून जे परत आले आणि पुन्हां कधीं गेलेच नाहींत, त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं.

चांदणी चौक उतरून गाडी पौड रस्त्यानें शहरांत शिरली. डोक्यावरून मेट्रो धांवते, खालीं दुचाकींचा पूर लोटलेला. फर्ग्युसन रस्त्यास पाटीवर नामदार गोखले पथ म्हणतात. बोलण्यांत मात्र तसें कोणी म्हणत नाहीं. खाद्यगृहांपुढें ताटकळलेली गर्दी आणि कपड्यांच्या दुकानांतील कर्कश गाणीं यांतून वाट काढीत कॉलेजच्या फाटकांत शिरावें, आणि पन्नास पावलें चालून जावें. आवाज मागें राहतो. मोठमोठीं झाडें, त्यांमागें दगडी इमारत, आणि तिच्याही मागें पाठराखणीस उभी असावी तशी टेकडी. कॉलेजची स्थापना १८८५ ची. प्रारंभीं तें शहरांतील वाड्यांतून भरत असे. मग येथें, तेव्हांच्या गांवाबाहेर, आलें. आज गांवच त्याच्या चहूंकडून पुढें निघून गेलें आहे.

कचेरींत रांगेंत दोन तास गेले. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर विद्यार्थ्याची व पालकाची अशा दोन सह्या लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून तें सर्वत्र सक्तीचें झालें आहे, आणि महाराष्ट्रांत तर १९९९ पासून याविषयीं स्वतंत्र कायदाच आहे. पालक तो कागद न वाचतां सही करतात. तो मुलीसमवेत बसून वाचावा. कांहीं अनुचित घडल्यास कोणाकडे जावयाचें, हें तिला आधीं ठाऊक असेल तर तिला रात्र रडत काढावी लागणार नाहीं.

सायंकाळीं आत्याकडे गेलों. ती रागावली असेल अशी धास्ती होती. पण आमची बहीण समजूतदार. "रविवारीं जेवावयास यायचें आणि धुवायचे कपडे आणायचे नाहींत," एवढीच अट तिनें चिमीस घातली. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून जुन्या वाड्यांच्या दारावर 'कॉट बेसिस' अशा पाट्या अद्यापि दिसतात. वसतिगृहांत जागा न मिळालेलीं शेंकडों मुलें एकेका खाटेच्या भाड्यावर वर्ष काढतात. अशी जागा घेणाऱ्यानें खाट पाहण्याआधीं न्हाणीघर पाहावें, आणि अभ्यासाला दिवा रात्रीं किती वाजेपर्यंत जळूं देतात तें विचारावें. पुष्कळ पालक भाडें विचारून परततात.

दुसऱ्या दिवशीं अप्पा बळवंत चौकांत गेलों. तेथें जुनीं क्रमिक पुस्तकें निम्म्या किंमतींत मिळतात व वर्षाअखेर परत विकतांही येतात. चिमी यादीप्रमाणें सगळींच घ्यावयास निघाली होती; तिला थांबविलें. कोणते अध्यापक कोणतें पुस्तक वापरतात हें पहिल्या पंधरा दिवसांत कळतें, आणि तोंवर ग्रंथालय आहेच. एक मात्र तात्काळ घेतलें: जाड पुठ्ठ्याची, लांबट, शंभर पानी वही. ती कशास, असें तिनें विचारलें. "टेकडीवर सांगतों," म्हटलें.

पाऊस उघडला होता. कॉलेजच्या मागील वाटेनें टेकडीवर चढलों. माथ्यावरून पर्वतीचें देऊळ दिसत होतें, नैर्ऋत्येस ढगांतून सिंहगडाची कड मधूनच डोकावत होती. टेकडीच्या पलीकडच्या अंगास झाडींत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. महाभारताचा शुद्ध पाठ ठरविण्याचें काम तेथें १९१९ सालीं हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें, सत्तेचाळीस वर्षें. सहा महिन्यांचें सत्र कसें पार पडेल या चिंतेंत असलेल्या मुलीस ही गोष्ट ऐकविली म्हणजे जरा बरें वाटेल असें मला वाटलें होतें. तिला वाटलें नसावें. ती म्हणाली, "त्यांना परीक्षा नव्हती."

मग तिला माझी हकीकत सांगितली. १९७९ सालीं मी याच शहरांत एका कॉलेजांत पहिल्या वर्षास होतों. वडिलांच्या मावसभावाकडे राहात असें. त्यांनीं मला फार प्रेमानें ठेवलें होतें, आणि तेंच कठीण होतें. प्रेमानें ठेवलेल्या माणसानें दहानंतर दिवा जाळूं नये, सकाळीं दूध आणावें, रविवारीं दळण आणावें, आणि कधीं तोंड पाडून बसूं नये. शाळा मराठी, कॉलेजांत सर्व इंग्रजी. अध्यापक काय बोलतात तें मी कानाला लागेल तसें देवनागरींत उतरून घेत असें, आणि रात्रीं त्या शब्दांचा अर्थ लागत नसे. मागच्या बांकावर बसूं लागलों. शेजारच्यास विचारावें तर तो हंसेल. अध्यापकांस विचारावें तर इंग्रजींत विचारावें लागेल. दिवाळीपूर्वींच्या परीक्षेंत रसायनांत पन्नासांपैकीं सात गुण मिळाले. त्याच आठवड्यांत मीं घरीं पत्र धाडलें: "अभ्यास उत्तम चालला आहे." अशीं पत्रें मीं मार्चपर्यंत लिहिलीं. एकंदर एकवीस.

वर्ष गेलें. मग एके सकाळीं वडील दारांत उभे. रात्रभर एस. टी.त बसून आले होते. मला बाहेर घेऊन गेले, आणि याच टेकडीवर, कोठें तें आतां नेमकें सांगतां येत नाहीं, खालीं बसले. रागावले नाहींत. "नापास झालास त्याचें नाहीं," ते म्हणाले, "पण एकवीस पत्रें मीं सगळ्यांना मोठ्यानें वाचून दाखविलीं रे." दुसऱ्या वर्षाच्या शुल्काची तजवीज त्यांनीं कशी केली हें मला कळलें नाहीं. घरीं त्यांनीं सांगितलें नाहीं, मींही नाहीं. पहिलें वर्ष दोनदां केल्याचें कारण 'काविळीचा आजार' असें ठरून गेलें.

चिमी बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "आजीला माहीत नाहीं?" मीं नाहीं म्हटलें.

वहीचा उपयोग तेव्हां सांगितला. डाव्या पानावर, वर्गांत अडलेला शब्द किंवा पायरी, त्याच दिवशीं. उजव्या पानावर उत्तर, मग तें कोणाकडूनही मिळो. उजवें पान आठवडाभर कोरें राहिलें कीं अध्यापकांच्या खोलीचें दार वाजवावें, आणि मराठींत विचारावें. पुण्यांतील बहुतेक अध्यापक मराठी जाणतात, आणि तास संपल्यावर मागें थांबणारा विद्यार्थी त्यांस नकोसा नसतो. उद्यां शिकविणार तें प्रकरण आज रात्रीं एकदां नुसतें वाचून जावें. समजलें नाहीं तरी शब्द ओळखीचे होतात, आणि ओळखीचा शब्द कानावरून वाहून जात नाहीं. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे म्हणून पंचवीस टक्के दांड्या हक्काच्या आहेत असा हिशेब करणारीं मुलें भेटतील. त्यांच्याशीं मैत्री ठेवण्यास हरकत नाहीं, हिशेब मात्र आपला ठेवावा.

आगरकर डेक्कन कॉलेजांत असतांना एकच सदरा रात्रीं धुऊन सकाळीं घालीत, ही गोष्ट आमच्या पिढीस लहानपणापासून सांगण्यांत आली. १८९२ ते १८९५ ते फर्ग्युसनचे प्राचार्यही होते, तेव्हां ती येथें आठवणें साहजिक आहे. परंतु मला वाटतें, एक सदरा असण्याची लाज आज फारशी कोणास सोसावी लागत नाहीं. आज लाज वाटते ती न समजल्याची. शाळेंत जी पहिली आलेली असते तिला ती अधिक वाटते, कारण तिच्या गांवांत पेढे वांटलेले असतात.

वसतिगृहाच्या दाराशीं निरोप घेतला. खोलींत दुसरी मुलगी नांदेडकडची, तिसरी सांगलीची. तिघींच्याही गाद्यांच्या गुंडाळ्या अजून दोरीनें बांधलेल्या. चिमीनें वांकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "काका, मी खोटें नाहीं लिहिणार." आतां मुलें पत्रें लिहीत नाहींत, हें तिच्या ध्यानांत राहिलें नाहीं, आणि माझ्याही.

जुलैच्या अखेरीस एका रात्रीं दूरध्वनी आला. बंधूनें घेतला. ऐकतां ऐकतां त्याचा चेहरा उतरला. चिमीला गणितांत कांहींच समजत नव्हतें. पहिल्या चांचणींत वीसपैकीं चार मिळाले होते. अध्यापकांकडे दोनदां जाऊन आली, पुन्हां जाणार आहे. उजवीं पानें बरींच कोरीं आहेत. वहिनीनें पदर तोंडास लावला. मातोश्री जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "उद्यांच्या उद्यां तिला आत्याकडे हलवा. मी सांगत होतें."

तेव्हां मीं, देवघराच्या उंबऱ्याशीं बसून, सगळ्यांच्या देखत १९७९ ची गोष्ट सांगितली. सात गुण, एकवीस पत्रें, कावीळ. बंधू माझ्याकडे पाहातच राहिला. मातोश्रींनीं माळ थांबविली नाहीं. दोन मणी पुढें सारून म्हणाल्या, "माझ्या पाटल्या मोडल्या त्या काय काविळीच्या औषधाला? इतकी का मी वेडी?" आणि मग, "तिला पुन्हां लाव रे."

बंधूनें लावून दिला. त्या ऐंशी ओलांडलेल्या बाईनें दूरध्वनी कानापासून वीतभर दूर धरून मोठ्यानें विचारलें, "कुठें अडलें आहे तुझें?" पलीकडून उत्तर आलें, "एप्सिलॉन-डेल्टा, आजी." मातोश्रींनीं तें तिच्याकडून दोनदां म्हणवून घेतलें, स्वतः एकदां म्हणून पाहिलें, आणि बरोबर आलें कीं नाहीं तें विचारलें. नंतर त्यांनीं वहिनीस डबा काढावयास सांगितला. शनिवारीं आत्याचे यजमान दापोलीस येणार होते, त्यांच्याबरोबर मेतकूट धाडावयाचें होतें, तिघी मुलींस पुरेल इतकें.