बंद खोलीतली गोळी

वाई पडद्यावर कितीदा तरी उत्तर प्रदेश आणि बिहार झालेली आहे. 'गंगाजल' (२००३) आणि 'दबंग' (२०१०) इथंच चित्रित झाले. सिनेमातली बंदूक सातारकरांना नवी नाही. पण याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. खोटी गोळी आणि खरी गोळी, दोन्हींशी नातं असलेला हा मुलूख. तरी खऱ्या गोळीचा आवाज कसा असतो, हे पेन्शनर फौजींनाच विचारावं लागतं. आणि त्यातल्या कित्येकांना आपला प्रश्नच नीट ऐकू जात नाही.

माझे मामू त्यांच्यातलेच. सातारा तालुक्यातले, फौजेतून नायक म्हणून निवृत्त झालेले. सुट्टीत आम्ही मिरजेहून त्यांच्याकडे जायचो. टीव्हीवर हिरो बंद गोदामात सहा गोळ्या झाडायचा आणि दुसऱ्याच क्षणाला हिरोइनच्या कानात हळू काहीतरी बोलायचा. मामू हसून विचारायचे, "अरे, हिला ऐकू कसं येतंय?"

हा विनोद नव्हता. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. चांगल्या थिएटरात पडद्यामागच्या एका स्पीकरचा आवाज १०५ डेसिबलपर्यंत चढेल, असा हिशेब धरलेला असतो. रायफल झाडणाऱ्याच्या कानाशी तोच आकडा १६०च्या आसपास जातो. वाटतं, दीडपट झाला. पण डेसिबलचं गणित तसं चालत नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे १०५ आणि १६० यांच्यात तीन लाख पटींहून जास्त अंतर. १४०च्या पुढचा एकच आवाज कानाला कायमचा जायबंदी करू शकतो. सायलेन्सर लावला की पडद्यावर नुसतं 'फुस्' होतं. खरा सायलेन्सर साधारण वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. उरतो तो आवाजही दचकवणाराच असतो.

उघड्या माळावर हा दणका चारी दिशांना पांगतो. खोलीत त्याला जायला जागा नसते. भिंती, छत, फरशी त्याला परत फेकतात आणि तो पुन्हा पुन्हा कानावर येऊन आदळतो. मोठ्या आवाजात कान आवळून घेणारा एक बारीक स्नायू आपल्याला आहे. पण त्याला पुरतं आवळायला सेकंदाचा दहावा हिस्साही लागू शकतो, आणि गोळीचा दणका सेकंदाच्या काही हजाराव्या हिश्शात घुसून गेलेला असतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मामूंचं असंच झालं. काश्मिरात एका घराची झडती चालू होती. खोलीत शेजारच्या साथीदाराने गोळी झाडली. गोळी भिंतीत गेली, कुणालाच लागली नाही. मामूंच्या कानात मात्र शिट्टी सुरू झाली, ती आजतागायत आहे. अशा इजेत बारीक, उंच आवाज आधी जातात. पुरुषांचं बोलणं त्यांना कळतं, नातीचं कळत नाही. 'स', 'श', 'फ' गळून पडतात. मोहल्ल्यात लोक म्हणायचे, फौजी ताठ आहे, सलामला जवाब देत नाही.

सिनेमाने आणखी एक नुकसान केलं. त्याने आपल्याला गोळीचा आवाज घुमणारा, भारदस्त ऐकवला. तो बहुधा स्टुडिओत मागाहून, दोन-चार आवाज एकत्र करून बसवलेला असतो. खरी गोळी लांबून ऐकली तर कोरडी 'फट्' वाजते. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत गोळीबार सुरू झाला तेव्हा अनेकांना आधी फटाकेच वाटले. अशा वेळी एखादं मिनिट वाया जाणं काय असतं, ते सांगायला नको.

आमच्या मिरजेत हत्यारांपासून आवाजाकडे गेलेला एक उलटा रस्ताही आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली, आणि मिरजेची सतार, तंबोरा देशभर गेला. तिथे जवारी काढताना कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मोजमाप सगळं कानाचं. मामूंना मी एकदा अशा दुकानात नेलं होतं. त्यांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हां, वाजतोय."

पडद्यावर बंदूक चालवणाऱ्याचं काहीच जात नाही. खऱ्या खोलीत नेम चुकला तरी आत असलेल्या प्रत्येकाचं काहीतरी जातं, चालवणाऱ्याचंसुद्धा. तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या फौजीने तुमच्या सलामला, नमस्काराला उत्तर दिलं नाही तर रागावू नका. समोर जा, तोंड दिसेल असे उभे राहा आणि पुन्हा एकदा करा.