बदामीच्या कड्याखाली कुत्र्याला नेताना

उत्तर कर्नाटकातलं बदामी तुम्हाला लेण्यांमुळे ठाऊक असेल. चालुक्यांची ही राजधानी. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ.स. 578चा आहे. पण अगस्त्य तलावाला वेढून उभे असलेले तांबडे कडे आता वेगळ्याच लोकांना बोलावतात. वालुकाश्माच्या या सरळ भिंतींवर बोल्ट मारलेले चढाईचे कितीतरी मार्ग आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्या-मुंबईहून, बेंगळुरूहून क्लायंबर येतात, आणि हल्ली काहींच्या गाडीच्या काचेतून एक ओलं नाकही बाहेर डोकावत असतं.

तुमच्याही घरात असं नाक असेल, तर त्याला जरूर न्या. मात्र निघण्याआधी माणसं मोजा.

क्लायंबिंगला दोघं लागतात. एक चढतो, दुसरा खालून बिले देतो, म्हणजे दोर सांभाळतो. बिले देणाऱ्याचे दोन्ही हात दोरावर आणि डोळे वर हवेत. मग कुत्र्याचा पट्टा कोणाच्या हातात? काहीजण तो सरळ आपल्या हार्नेसला अडकवतात. यासारखी वाईट जागा नाही. जोडीदार शेवटच्या बोल्टच्या वर आहे, आणि नेमकं तेव्हा समोर माकड उतरलं, तर पंचवीस किलोचा लॅब्रेडॉर तुम्हाला काय विचारून उडी मारणार आहे? म्हणून तिसरा माणूस हवा. आळीपाळीने बदला, पण त्या तासाला त्याचं काम एकच: कुत्रा. तिसरा माणूस मिळत नसेल, तर कुत्र्याला आजीकडे ठेवा, असं मी स्पष्ट सांगेन.

त्याची बसायची जागाही भिंतीच्या पायथ्याशी नको. वरून खडा सुटतो, कधी कॅरॅबिनर निसटतं. आपल्या डोक्यावर हेल्मेट असतं, त्याच्या डोक्यावर काहीच नसतं. बाजूला, सावलीत, जिथून तुम्ही त्याला दिसाल अशी जागा शोधा. दोर चादरीवर ठेवा आणि त्यावरून त्याला चालू देऊ नका. पंजांची वाळू दोरात शिरली की तो आतून झिजतो.

माकडांबद्दल वेगळं सांगायला नको. लाल तोंडाची ही मंडळी लेण्यांपाशी पर्यटकांच्या हातातून पिशव्या ओढतात, ती कुत्र्याच्या बिस्किटांना घाबरतील होय? चावाचावी झाली तर दोघांचंही नुकसान. रेबीजची लस वेळेवर झालेली हवीच. गावातल्या कुत्र्यांचे आपापले इलाके ठरलेले असतात आणि पाहुणा त्यांना खपत नाही. कड्यांच्या आसपास शेळ्याही चरतात. शहरातल्या कुत्र्याने आयुष्यात शेळी पाहिलेली नसते, त्याला तो खेळच वाटतो. पण ती शेळी कोणाची तरी कमाई आहे. आपण इथे निवांत चढतो ते गावाने सांभाळून घेतल्यामुळेच.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती आग्या मोहोळाची. सॅक उतरवण्याआधी मान वर करून पाहा. कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली काळपट, अर्धगोल पोळं लटकताना दिसलं, तर ती भिंत सोडा, कितीही सुंदर असली तरी. माश्या उठल्या की मोकळा माणूस पळतो. दोरावर लटकलेला पळू शकत नाही, त्याला बिले देणाराही त्याला सोडून जाऊ शकत नाही, आणि झाडाला बांधलेला कुत्रा तर जागच्या जागी अडकतो. माशांना मग तोच सापडतो. म्हणून त्याला बांधून ठेवू नका, पट्टा हातात धरा. बांधावंच लागलं, तर एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारा.

ऊनही धोक्याचं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. तळहाताची मागची बाजू खडकावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला टिकवता आली नाही, तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. हिवाळ्यातही दुपारी वालुकाश्म तापतो, तेव्हा सकाळी आणि उतरत्या उन्हात चढा. पाणी सोबत न्या. तलावाचं हिरवट पाणी पिऊ देऊ नका.

लेणी पाहायची असतील तर तिथेही पाळी लावा. 1959च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात प्राणी नेता येत नाही. रेल्वेने जाणार असाल तर कुत्रा एसी थ्री टायर किंवा स्लीपरमध्ये चालत नाही. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे तुमच्या नावावर हवा, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत जावं लागतं. मला ती पेटी पसंत नाही. रात्रभर अंधारात, डब्याच्या खडखडाटात बिचारं एकटं. त्यापेक्षा आपली गाडी बरी.

बदामीहून बरेचजण पुढे हंपीला जातात. तिथल्या ग्रॅनाइटच्या गोट्यांवर दोराशिवाय चढतात आणि खाली जाड गादी टाकतात. कुत्र्याला ती गादी आपल्यासाठीच वाटते. तो तिथे ताणून देतो आणि वरून माणूस पडतो, म्हणजे दोघांनाही लागणार. हंपीजवळ दरोजीचं अस्वल अभयारण्य आहे, आसपासच्या टेकड्यांत बिबटेही आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला होता. तेव्हा दिवेलागणीआधी सामान आवरा, आणि पहाटेच्या फिरायला पट्टा सोडू नका.

खोलीवर आल्यावर पंजांच्या बोटांमधून हात फिरवा, सराटे आणि गोचिड्या तिथेच दडतात. आणि लॉजवाल्याला कुत्र्याबद्दल घरून निघण्याआधीच फोन करून विचारा. रात्री दहाला, दमलेल्या पोरांसोबत दारात उभं राहून ‘नाही’ ऐकायला नको.