घर पाहावे बांधून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. त्यांतला लग्नाचा अनुभव मी वेळेवर घेतला, आणि घराचा, बँकेच्या कृपेने, थोडा उशिरा. दोन्ही गोष्टी पार पडल्यावर माणसाने गप्प बसावे की नाही? पण मला तिसरी दुर्बुद्धी सुचली. तीन वर्षांपूर्वी एका रात्री जेवता जेवता मी जाहीर केले, “मी स्वतःचं संकेतस्थळ काढणार आहे.”

आमच्या सौभाग्यवतींच्या हातातला आमटीचा डाव हवेतच थांबला. त्याही मराठी घेऊनच पदवीधर झालेल्या!

“संकेतस्थळ? म्हणजे अभिसारिका रात्री लपतछपत जिथं जाते, तेच ना? आणि ते या वयात?”

चूक त्यांची नव्हती. ‘वेबसाइट’ला हा प्रतिशब्द ज्याने कुणी रूढ केला, त्याला आपल्या जुन्या साहित्यशास्त्राचा विसर पडला असावा. कन्या फिदीफिदी हसली. हसले नाहीत ते फक्त अण्णा. ताटावरची नजर न उचलता त्यांनी विचारले, “ह्या वेळी आपलं का रे? की पुन्हा कुणाच्या ओसरीवर?”

माझा घास घशाशीच अडकला.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांतून त्यांनी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोटा चालत. पुढे इंजिने आली, विजेचे पंप आले, आणि मोटा थांबल्या. मोटेबरोबर मोटेचे शब्दही चालले आहेत, हे अण्णांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते एका दोनशे पानी वहीत टिपून ठेवायला सुरुवात केली. नाडा म्हणजे मोट ओढणारा जाड दोर. सोंदूर म्हणजे तिच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर. धाव म्हणजे बैलांच्या येण्याजाण्याची उतरण. मग पाट, दंड, वाफे, दारे धरणे! मोटेवरून ते नांगरावर गेले, नांगरावरून सुताराच्या नेटावर. शेवटी सहाशेंच्या वर शब्द जमले.

२००८ साली मी तो सारा संग्रह टंकून इंटरनेटवर चढवला. कुठे, तर फुकट जागा देणाऱ्या एका सेवेवर. तीन वर्षांनी आम्ही जागा बदलली. सामानाची बांधाबांध चालू असताना ती जीर्ण वही माझ्या हाती आली. “आता सगळं इंटरनेटवर आहे. हिचं काय लोणचं घालायचंय?” असे म्हणून मीच, माझ्या या हातांनी, ती रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. मराठीचा प्राध्यापक मी!

२०१३ साली त्या सेवेने आपला गाशा गुंडाळला. त्यांनी सूचना दिली नव्हती असे नाही. पण ती ज्या ई-मेलच्या पत्त्यावर आली, तो मी उघडायचा कधीच सोडून दिला होता. मला पत्ता लागला तेव्हा जागेवर काहीच उरले नव्हते. जुनी पाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या दारातही मी जाऊन आलो. तिथे मुखपृष्ठ तेवढे सापडले: वर अण्णांचे नाव, खाली ‘शब्दसंग्रहाकडे’ असा बाण, आणि त्या बाणापुढे काही नाही.

अण्णा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी एवढेच विचारले, “रद्दी काय भावानं गेली रे?”

तो प्रश्न मी त्यानंतर कित्येक रात्री ऐकला आहे.

फुकटच्या ओसरीवर बिऱ्हाड थाटणारा मी एकटाच नव्हतो म्हणा. १९९४ साली जिओसिटीज नावाची अशीच एक मोठी वसाहत उभी राहिली होती. जगभरच्या लोकांनी तिथे लाखो पाने लिहिली. आणि २००९ च्या ऑक्टोबरात बहुतेक सारी वसाहत मालकांनी बंद केली. घर पडले तर निदान माती तरी उरते. इथे तीही उरत नाही.

तर आता घर बांधायचे होते. माझा एक माजी विद्यार्थी संगणकाच्या धंद्यात आहे. मराठीत तो जेमतेम पास झाला होता. म्हणजे मीच त्याला जेमतेम पास केला होता. तरी तो आनंदाने आला. “सर, तीन गोष्टी लागतात,” तो म्हणाला. “नाव, जागा आणि पानं.”

नावाची गंमत अशी की ते विकत मिळत नाही. वर्षाच्या कराराने भाड्याने मिळते. ‘डॉट इन’, ‘डॉट कॉम’ अशी आडनावे ठरलेली असतात. त्यांच्यापुढे आपल्याला हवे ते नाव, आधी कुणी घेतलेले नसेल तर, नोंदवायचे. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी आडनावही मिळते. भाडे भरायला विसरलात, की थोडे दिवस वाट पाहून नाव दुसऱ्याला द्यायला ते मोकळे! पहिल्या वर्षाचे भाडे नाममात्र आणि दुसऱ्या वर्षापासून दुप्पट-तिप्पट, हीही एक तऱ्हा आहे. तेव्हा वाचकहो, पहिल्या वर्षाचा आकडा पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षाचा विचारून घ्या.

आता जागा. मला घरमालकांचा धसका बसलेला. म्हणून मी हट्ट धरला, की जागा आपल्याच घरात हवी. विद्यार्थ्याने पत्त्यांच्या जोडाएवढा एक चिमुकला संगणक आणला. रास्पबेरी पाय त्याचे नाव. तो दिवाणखान्यात टीव्हीमागे बसवला आणि अण्णांनी त्याला कुंकू लावले. दोन दिवस घरातल्या घरात पाने झकास दिसत होती. तिसऱ्या दिवशी कामाच्या बाईंनी इस्त्रीसाठी त्याची पिन काढली आणि आमचे संकेतस्थळ अंधारात गेले.

मी संतापलो, पण नंतर कळले, की हा योग थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. जगातले पहिले संकेतस्थळ ज्या संगणकावर होते, त्याच्यावर, हा बंद करू नका, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती! १९९३ च्या ३० एप्रिलला सर्नने हे सारे तंत्र जगाला मोफत देऊन टाकले. तसे झाले नसते, तर माझ्यासारख्या मास्तराला हा उद्योग परवडलाच नसता.

मीही चिठ्ठी लावली. पण घराबाहेरच्या कुणालाच पाने दिसेनात. विद्यार्थ्याने दोन तास खटपट केली आणि कपाळाला हात लावला.

“सर, तुम्हाला बाहेरचा पत्ताच नाही!”

झाले होते असे. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता मुळात आकड्यांचा. नाव आपल्या सोयीसाठी. त्या नावाचा आकडा काढून देणारी डिरेक्टरी निराळी. जुन्या पद्धतीचे असे पत्ते साऱ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटीच. ते पुरेनात, म्हणून पुष्कळ कंपन्या कित्येक बिऱ्हाडांना मिळून एकच पत्ता देतात. आमचेही तसेच होते. म्हणजे चाळीचा पत्ता पोस्टमनला ठाऊक. पण खोली क्रमांक बाहेर कुठेच लिहिलेला नाही! आतून पत्र टाकता येते, उत्तरही येते. पण आपण होऊन कुणी भेटायला आला तर तो जिन्यातच घुटमळणार. स्वतंत्र पत्ता जादा पैसे भरून मिळतो. शिवाय दिवे गेले की तोही व्यर्थ. शेवटी हट्ट सोडला आणि दूरच्या एका संगणकावर वर्षाच्या भाड्याने लहानशी जागा घेतली.

“म्हणजे पुन्हा भाड्याचंच की!” सौ. म्हणाल्या.

आहे खरे. पण फरक आहे. नाव माझ्या नोंदीत आहे आणि पानांची मूळ प्रत माझ्या घरात आहे. उद्या हा मालक नको झाला, तर सामान उचलून दुसरीकडे जायचे आणि डिरेक्टरीतला आकडा तेवढा बदलायचा. जुना आकडा कुठेकुठे काही तास लक्षात राहतो, इतकेच. येणाऱ्या पाहुण्याला आपण घर बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

राहिली पाने. मला वाटले होते, की त्याला काही अगम्य विद्या लागत असेल. तसे काही नाही. मजकुराला खुणा करायच्या: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. ज्याने प्रुफे तपासली आहेत, त्याला हे आठवड्यात येते. मी तो साधा मार्ग धरला. तयार साचे मिळतात, पण ते मोठ्या बंगल्यासारखे असतात. सारखी झाडलोट आणि डागडुजी करावी लागते. शब्दांच्या यादीला तीन खोल्या पुरे.

पहिले पान चढवले आणि उघडले, तो काय! अण्णांच्या ‘मोट’ या शब्दाच्या जागी नऊ परदेशी चिन्हे ओळीने उभी! डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर, मधूनच जपानी येनची खूण. अण्णांच्या मोटेतून येन सांडत होते! कारण विचाराल तर क्षुल्लक. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘म’, ओकाराची मात्रा आणि ‘ट’ मिळून नऊ. पान कोणत्या पद्धतीने लिहिले आहे, हे माथ्यावर सांगायचे मी विसरलो होतो. म्हणून वाचणाऱ्याने प्रत्येक बाइट हे स्वतंत्र रोमन अक्षर मानले. एक ओळ लिहिताच मोट पुन्हा मोट झाली.

दुसरी फजिती नावांची. माझ्या संगणकाला फाइलच्या नावातले मोठे आणि लहान रोमन अक्षर सारखेच. भाड्याच्या जागेतला संगणक मात्र ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझ्याहून कडक निघाला. घरी चालणारे निम्मे दुवे तिथे तुटले. आता सगळी नावे लहान अक्षरांत ठेवतो. कुलूपही लावले. त्याचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून मोफत देते. ते नसले तर ब्राउझर पाहुण्याला दारातच ‘सुरक्षित नाही’ म्हणून बिचकवतो.

घर उभे राहिले. पण आत ठेवायचे काय? वही तर गेली होती.

रोज संध्याकाळी अण्णा आठवून सांगू लागले आणि कन्या लिहून घेऊ लागली. कधी एका बैठकीत वीस शब्द, कधी एकही नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाची स्मृती. तिला घाई करून चालत नाही. एके दिवशी ते मोटेपाशीच अडले.

“मोट वर येते, सोंदुरानं तिची सोंड पुढं ओढली जाते, आणि पाणी भडाभडा पडतं, ते... ते...”

“हौद?” मी म्हणालो.

“हौद नव्हे रे! मी त्यात अंघोळ केलीय आणि मला नाव आठवत नाही!”

त्यांचा आवाज कापला. मी कपाटातले कोश काढले. पण कोशात शब्दावरून अर्थ सापडतो. अर्थ हातात घेऊन शब्द शोधायला निघालेल्या माणसाला त्या हजारो पानांत दार कुठले? तीन दिवस अण्णा धड जेवले नाहीत. मलाही अन्न गोड लागेना. वहीत तो शब्द होता, हे मला नक्की ठाऊक होते. मी स्वतः तो टंकला होता आणि टंकून विसरलो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी कन्या रोजच्याप्रमाणे आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. कुठल्याशा अपघाताची बातमी. “...दुचाकीस्वार रक्ताच्या थारोळ्यात पडलेला...”

“थारोळं!” अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. “थारोळं! थारोळं! लिही, पोरी, लिही!”

वीस वर्षे मी वर्गात शिकवतो. हा शब्द मी शेकडो वेळा वाचला असेल. पण तो रक्ताशिवाय कधी पाहिला नव्हता. ज्यात पाणी पडायचे, मुले डुंबायची, ते थारोळे विहिरीवरून उठून बातमीत जाऊन बसले होते, आणि मला त्याचे काहीच वाटले नव्हते.

आज आमच्या संकेतस्थळावर चारशे अकरा शब्द आहेत. बाकीचे येतील, न येतील. प्रती तीन ठेवतो: एक भाड्याच्या जागेत, एक घरच्या संगणकावर, एक बहिणीकडे नाशिकला. शिवाय एक दोनशे पानी वही, सौभाग्यवतींनी स्वतः आणलेली. ती कपाटात कुलपाखाली असते आणि किल्ली माझ्याकडे नसते.

परवा अण्णांनी विचारले, “हे तुझं घर किती दिवस राहील रे?”

“भाडं भरू तोवर, अण्णा.”

त्यांनी थोडा विचार केला आणि नातीकडे बोट दाखवले. “मग तारीख हिला सांगून ठेव.”

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, कन्येने ती तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे.