तळ्यापर्यंत

साल्हेरशी माझी पहिली ओळख हेव्याची आहे. मी दहा वर्षांची असताना, थंडीतल्या एका पहाटे, अण्णा माझ्या दोन्ही भावांना घेऊन सटाण्याहून पहिल्या एस.टी.ने साल्हेरला निघाले. आईने भाकरी थापल्या, मी शेंगदाण्याची चटणी कुटून पुरचुंडी बांधून दिली. ‘एवढ्या उंच मुलींनी कशाला?’ हा प्रश्न तेव्हा उत्तराची अपेक्षा ठेवून विचारला जात नसे. रात्री परतल्यावर दादाने माथ्यावरच्या परशुरामाच्या देवळाचे आणि तेथून दिसणाऱ्या मुलखाचे जे वर्णन केले, ते पुढे चाळीस वर्षे आमच्या घरात होत राहिले.

जुलै २०२५ मध्ये साल्हेरची नोंद जागतिक वारसा यादीत झाली आणि त्या निमित्ताने डिसेंबरात आमच्या शाळेतील अकरा जणांची सहल ठरली. ताहाराबाद, मुल्हेर, हरणबारी धरण मागे टाकून आम्ही वाघांब्याला उतरलो. ही वाट आजची नव्हे. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बागलाणातूनच दख्खनेत जात असे आणि साल्हेर-मुल्हेर हे त्या मार्गावरचे पहारेकरी. म्हणूनच १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतला, तेव्हा मोगलांना स्वस्थ बसवेना. त्यांनी गडाला वेढा घातला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी पायथ्याच्या उघड्या मैदानात मोगलांचा पराभव केला. सूर्याजी काकडे त्याच लढाईत पडले. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्याला ही समोरासमोरची लढाई जरा अनोळखीच वाटते.

कोणतीही सहल पहिल्या अर्ध्या तासात लांबते. तरुण शिक्षक पुढे गेले. मागे उरलो आमच्या ग्रंथपाल बाई आणि मी. साल्हेर आणि सालोटा यांमधल्या खिंडीत आलो, तेव्हा वाऱ्याने बोलणेच बंद केले. तेथून कातळात खोदलेल्या पायऱ्या बाई निमूटपणे चढल्या. मात्र पुढे कड्याच्या पोटातून आडवी जाणारी वाट लागली आणि त्या मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, “मला आता पुढे नेऊ नका, आणि मागेही नेऊ नका.”

मी दरीच्या बाजूने चालू लागले. त्यांचा एक हात कातळावर, दुसरा माझ्या हातात. पावले मोजत मोजत आम्ही दरवाजा ओलांडला आणि गंगासागर तळ्याशी पोहोचलो. समोर उरला होता तो फक्त माथ्याचा सुळका. साल्हेरची उंची १,५६७ मीटर, राज्यात कळसूबाईखालोखाल. त्यातले फार थोडे चढायचे राहिले होते.

“तुम्ही जा, मी बसते इथे,” बाई म्हणाल्या. पण माझ्या ओढणीचे टोक त्यांनी मुठीत धरले होते आणि ते त्यांना ठाऊकही नसावे.

मी थांबले. ते मोठ्या मनाने थांबले, असे लिहिणे खोटे ठरेल. मला त्यांचा राग आला होता. वर चढणाऱ्या मंडळींच्या आकृती लहान होत गेल्या तसतसा तो वाढत गेला. दहाव्या वर्षी मागे ठेवले गेले, ती पन्नाशी ओलांडल्यावरही मागेच. आम्ही भाकरी खाल्ली. तळ्यातल्या पाण्यावर वारा सुरकुत्या पाडत होता. बऱ्याच वेळाने बाईंनी ओढणी सोडली आणि तिच्या चुरगळलेल्या टोकाकडे पाहून त्या ओशाळल्या. मग मात्र मला रागावणे जमेना.

रात्री दादाला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न, “परशुरामाच्या पादुका पाहिल्यास?”

“नाही. तळ्यापासूनच परतले.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“अगं, आम्हीही तळ्यापर्यंतच गेलो होतो. धाकट्याचा पाय मुरगळला. अण्णा म्हणाले, पुरे झालं.”

“मग ते देऊळ? तो सगळा मुलूख?”

“ते अण्णांनी उतरताना सांगितलेलं,” दादा म्हणाला. “घरी आलो तर तू दारातच उभी. आधी विचारलंस, वरून काय दिसतं?”